शिवराईला चिंच लावू नका

दिवाळी जवळ आली की घरोघरी माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी खाली येतात. परातीत चिंचेचा कोळ होतो, त्यात मीठ पडतं आणि घागरी-तांब्यांच्या जोडीने देव्हाऱ्यातली एखादी जुनी शिवराईही त्या परातीत जाते. दोन मिनिटांत ती गुलाबी झळकू लागते. लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर ती उठून दिसते हे खरं. पण दोनशे-तीनशे वर्षांत तिच्या अंगावर जे जमलं होतं, ते त्या दोन मिनिटांत कोळाबरोबर मोरीत गेलेलं असतं. ते परत आणण्याचा उपाय जगात कोणाकडेही नाही.

दिवाळी सरली की लोक अशी नाणी घेऊन माझ्याकडे येतात. "बघा काका, नव्यासारखं केलंय," असं कौतुकाने सांगतात आणि किंमत विचारतात. त्यांना उत्तर देताना जीव तुटतो, म्हणून हे दिवाळीच्या आधीच लिहितो आहे.

मी तांबटाच्या घरातला. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत हातोड्यांच्या ठोक्यांत वाढलो, वडिलांच्या हाताखाली घंगाळं आणि बंब मठारले. तांबं हाताला कळत होतं, म्हणून तांब्याचीच नाणी जमवायला लागलो. सोन्याचा होन माझ्याकडे नाही, चांदीचे रुपये मोजके आहेत, शिवराया मात्र पेटीभर आहेत. त्या पेटीच्या जोरावर एका प्रश्नाचं उत्तर द्यायची माझी तयारी आहे. तो प्रश्न नाण्यांच्या प्रत्येक प्रदर्शनात कोणी ना कोणी विचारतोच: जमवणाऱ्याच्या नजरेत उत्तम नाणं कोणतं?

माझं उत्तर सरळ आहे. टाकसाळीतून आणि बाजारातून जाताना जे काही घडलं ते ज्याच्या अंगावर जसंच्या तसं राहिलं आहे, आणि जे कुठून आलं हे सांगता येतं, ते नाणं उत्तम. चमक, दुर्मीळपणा, किंमत या गोष्टी त्याच्या मागून येतात. आजच्या बाजाराने हा क्रम उलटा केला आहे, आणि त्यात आपल्याच इतिहासाचं नुकसान होत आहे.

शिवराईपासूनच सुरुवात करतो. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि स्वराज्याची स्वतःची नाणी निघाली. तांब्याच्या या पैशाच्या एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्रपति' आणि भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. राजाचा चेहरा नाही, वेलबुट्टी नाही, सालही नाही. दख्खनच्या बाजारात फारसी अक्षरांची नाणी चालत असताना हा पैसा देवनागरीत बोलत होता. पुढे पेशवाईत चांदीचे रुपये दिल्लीच्या बादशहाच्या नावाने पडत राहिले, पण तांब्याच्या पैशावरचं नाव महाराजांचंच राहिलं. मीठ-मिरची ज्या नाण्याने विकत घेतली जायची, त्या नाण्यावर, सामान्य माणसाच्या कनवटीला, दीडशे वर्षं 'श्री राजा शिव' होतं. इंग्रजांचा अंमल बसल्यावरही शिवराई लगेच बाजारातून गेली नाही.

यातच अभ्यासकाची अडचण आहे. मजकूर तोच, नाव तेच, साल नाही. मग रायगडाच्या काळातली शिवराई कोणती आणि शंभर वर्षांनंतरची कोणती, हे ठरवायचं कशावरून? वजनावरून आणि अक्षरांच्या वळणावरून. महाराजांच्या काळातला पूर्ण पैसा साधारण ११ ते १३ ग्रॅम भरतो. पुढच्या काळातल्या अनेक शिवराया त्याहून हलक्या आहेत. कुठे 'शिव' तर कुठे 'शीव' किंवा 'सिव', कुठे 'पति' तर कुठे 'पती'. 'श्री'ची मान कशी वळली आहे, 'ज'चा आकडा किती खाली उतरला आहे, अक्षरांच्या मध्ये चंद्र, सूर्य किंवा एखादी खूण आहे का, हे सगळं बघावं लागतं. ओळींच्या मध्ये दोन समांतर रेषा असल्या की ती दुदांडी, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांतली. पेशवाईत टाकसाळी मक्त्याने दिल्या जात, गावोगावी वेगवेगळे कारागीर ठसे कोरत, त्यामुळे या फरकांना अंत नाही. जो इतिहास कागदावर उरलेला नाही, तो अशा वेलांट्यांमध्ये आणि केसाएवढ्या रेषांमध्ये उरला आहे. चिंचेने, विटकरीच्या भुकटीने आणि काथ्याने सर्वांत आधी जातात त्या याच रेषा.

शिवराई पाडताना खालचा ठसा ऐरणीत घट्ट रोवलेला असे. त्यावर तापवून मऊ केलेली तांब्याची चकती, चकतीवर वरचा ठसा हाताने धरलेला, आणि वरून घणाचा घाव. ठसा बहुतेक वेळा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे अख्खा मजकूर आणि अख्खं ठिपक्यांचं वर्तुळ एकाच नाण्यावर उतरणं विरळाच. कुठे 'श्री' कडेबाहेर जाते, कुठे 'पति' अर्धाच राहतो. दोन्ही बाजूंचा लेख पुरा आणि वर्तुळ बऱ्यापैकी मध्यभागी अशी शिवराई मिळाली की जमवणाऱ्याला झोप येत नाही. माझ्या पेटीतही अशा फार नाहीत.

तांबं मारलेल्या माणसाला हा घाव वाचता येतो. एका बाजूची अक्षरं खोल आणि समोरची उथळ असली, तर घण तिरका बसला आहे. अक्षराची सावली पडल्यासारखी दुसरी कड दिसली, तर ठसा उडून पुन्हा बसला आणि दुसरा घाव पडला. कडेला चीर गेली असेल, तर चकती पुरेशी तापवली नव्हती. तांबं मार खाऊन कडक होतं, वेळच्या वेळी तापवलं नाही तर कडेने फुटतं, हे आमच्या आळीतल्या पोरांना शाळेत जायच्या आधी कळायचं. प्रदर्शनातला विक्रेता ती चीर दोष म्हणून दाखवतो आणि पैसे कमी करतो. मला त्या चिरेत टाकसाळीची घाई दिसते: मोठं काम अंगावर आलेलं, भट्टी अपुरी, चकत्या अर्ध्याकच्च्या तापवलेल्या. ती चीर त्या दिवसाच्या कामाची नोंद आहे, आणि नोंद पुसलेली नसणं हाच माझ्या लेखी नाण्याचा पहिला गुण.

झीज आणि इजा यांत म्हणूनच फरक करायला हवा. हजारो हातांतून फिरून अक्षरांचे उंचवटे गुळगुळीत झाले, ही झीज. ते नाण्याचं आयुष्य आहे. कोणीतरी काल काचकागद फिरवला, ही इजा. झिजलेल्या नाण्यावर उंच भाग आधी जातात आणि खोलगट भागांत जुना रंग टिकून राहतो. घासलेल्या नाण्यावर उंच-खोल सगळं सारखंच पिवळट-गुलाबी दिसतं आणि भिंगाखाली एका दिशेने गेलेले ओरखडे दिसतात. खूप झिजलेली पण न घासलेली शिवराई आणि ठळक पण घासलेली शिवराई यांतली एक निवडायला सांगितली, तर मी झिजलेली उचलेन.

मोठ्या बाजाराचं मोजमाप वेगळं आहे. विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकी संग्राहकाने १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटवर पुस्तक लिहिलं आणि त्यात नाण्याची अवस्था १ ते ७० अशा आकड्यांत मांडली. १ म्हणजे जेमतेम ओळखू येणारं, ७० म्हणजे निर्दोष. १९८० च्या दशकात अमेरिकेत प्रतवारी करणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्या नाणं तपासतात, आकडा देतात आणि प्लास्टिकच्या सीलबंद डबीत घालून परत पाठवतात. पाच पटीच्या भिंगाखालीही टाकसाळीनंतरचा एकही डाग दिसला नाही, तरच ७० मिळतात. ही पद्धत आता आपल्याकडच्या लिलावांतही सर्रास दिसते.

या पद्धतीची उपयुक्तता मी मान्य करतो. यंत्रावर पाडलेली लाखो नाणी एकमेकांसारखी असतात. महाराजांचं चित्र असलेलं १९९९ चं दोन रुपयांचं नाणं घ्या. त्यातली दोन नाणी समोर ठेवली तर फरक ओरखड्यांचाच असणार, आणि ओरखडे मोजायला आकडा चांगला. दूर बसलेल्या ग्राहकाला त्यामुळे फसवणुकीपासून थोडं संरक्षणही मिळतं. पण घणाखाली एकेक करून जन्मलेल्या शिवराईला निर्दोषपणाचा आकडा लावणं मला पटत नाही, कारण तिच्यातला दोष आणि तिची ओळख या एकाच गोष्टी आहेत. शिवाय आकडा नाण्याची अवस्था सांगतो, त्याचा प्रवास सांगत नाही. खुद्द शेल्डनचंच उदाहरण आहे. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली चांगली सेंट त्याने काढून घेतली आणि त्यांच्या जागी कमी प्रतीची ठेवली, हे त्याच्या मृत्यूनंतर उघड झालं. ती नाणी हातोहात विकली गेली होती आणि संस्थेला ती परत मिळवण्यासाठी न्यायालयात जावं लागलं. ती नाणी देखणी होती. ती कुठून आली, हे विकत घेणाऱ्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आपल्या जुन्या रुपयांवर बारीक टोचे दिसतात, तेही असेच दोष मानले जातात. मोगल आणि मराठा रुपयांवर सराफ लहान पोलादी खिळ्यासारख्या ठशाने खूण उमटवत: चांदी पोटात खरी आहे ना हे बघायला, आणि आपण ते बघितलं आहे हे पुढच्याला सांगायला. पुण्याच्या अंकुशी रुपयावर अशा तीन-चार खुणा असल्या, तर प्रतवारीत तो खाली जातो. मला त्यातून कळतं की हा रुपया इतक्या सराफांच्या पेढीवर वाजवला गेला, तपासला गेला आणि दर वेळी खरा ठरला. ज्या रुपयावर एकही खूण नाही तो कदाचित मडक्यात पुरलेला होता. तोही मला प्रिय आहे. पण बाजारात उभा राहून खरा ठरलेला रुपया त्याच्यापेक्षा हलका, हे मानायला माझं मन तयार नाही.

आता महाराष्ट्राच्या जमिनीतून निघालेल्या सर्वांत मोठ्या नाणेठेव्यांपैकी एकाची गोष्ट. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. १३ हजारांहून अधिक नाणी, सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला होता. नहपानाच्या चेहऱ्यावरच तीन कमानींचा चैत्य, दुसऱ्या बाजूला उज्जैनी चिन्ह. खालचा राजा अर्धवट दिसतो आणि वरचाही धड उमटत नाही. प्रतवारीच्या फूटपट्टीने ही नाणी बिघडलेली आहेत.

पण याच नाण्यांनी सातवाहनांचा इतिहास पक्का केला. नाशिकच्या लेण्यांत गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा शिलालेख आहे. आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश निर्मूळ केला, असं त्यात कोरलं आहे. राजमातेने मुलाचं केलेलं ते कौतुक असेल, असं कोणी म्हणू शकला असता. जोगळटेंभीच्या चांदीने ती शंका मिटवली. हरलेल्या राजाचा पैसा जिंकलेल्याने आपल्या नावाने पुन्हा चालवला, हे हजारो नाण्यांवर डोळ्यांनी दिसतं. गौतमीपुत्राने नहपानाचा चेहरा नीट घासून काढला असता आणि गुळगुळीत चांदीवर स्वच्छ छाप मारला असता, तर ती नाणी देखणी झाली असती. आपल्याला मात्र त्यांच्याकडून काहीच कळलं नसतं.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. तो साठा एकत्र अभ्यासला गेला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी नाणी तपासून, मोजून, त्यांची माहिती रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात छापली. किती नाण्यांवर दुसरा छाप आहे आणि किती तशीच आहेत, या प्रमाणालाच अर्थ आहे. हीच नाणी सापडल्या दिवशी गावच्या आठवडी बाजारात दहा-दहा करून विकली गेली असती, तर प्रत्येक नाणं शाबूत राहून साठा मात्र मेला असता.

असे साठे आजही मरतात. विहीर खणताना, पडका वाडा उतरवताना, शेत सपाट करताना मडकं सापडतं. कायदा स्पष्ट आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडवलेला १० रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. १९७२ च्या पुरावशेषांच्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी नाणी परस्पर देशाबाहेर पाठवता येत नाहीत. पण सापडणाऱ्याला भीती वाटते की सगळं जाईल आणि वर चौकशी मागे लागेल, म्हणून तो गप्प बसतो. नाणी तुकड्या-तुकड्याने विकली जातात, विक्रेता ती आम्लात बुडवून चकचकीत करतो आणि प्रदर्शनाच्या टेबलावर ती येतात तेव्हा त्यांना गाव नसतं, मडकं नसतं, शेजारचं नाणं नसतं. सरकारने सापडणाऱ्याला मान आणि मोबदला वेळेवर दिला, गावपातळीवर तलाठ्यापासून शिक्षकापर्यंत ही माहिती पोचवली, तर हे चित्र पालटेल. पण सगळा भार सरकारवर टाकून आम्ही जमवणारे मोकळे होऊ शकत नाही. विकत घेणारे आम्ही आहोत. कुठून आलं, हे आम्ही विचारत नाही, म्हणून कोणी सांगत नाही.

नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आणि संग्रहालय आहे. परमेश्वरीलाल गुप्त यांच्यासारख्या विद्वानाने ती उभी केली, आणि के. के. महेश्वरी व केनेथ विगिन्स यांचं मराठा टाकसाळींवरचं १९८९ चं पुस्तक तिथूनच निघालं. आज मराठ्यांच्या कुठल्याही नाण्याचा प्रकार ठरवायचा तर ते पुस्तक उघडावं लागतं. असं काम उभं राहतं ते शेकडो नाण्यांची वजनं, ठशांचे फरक आणि मिळालेली गावं कोणीतरी प्रामाणिकपणे लिहून ठेवली, तरच. घराघरांतल्या पेट्यांमध्ये अशा पुढच्या पुस्तकाचा मजकूर पडून आहे.

आता तांब्याच्या अंगाबद्दल, कारण ते माझं क्षेत्र. हवेत राहिलेलं तांबं आधी तांबूस-तपकिरी होतं, मग काळपट, आणि ओल्या मातीत हिरवं. या थराला कळंक समजून लोक काढायला धावतात. भांड्याचा कळंक काढायलाच हवा, त्यात आपण जेवतो, पाणी पितो. पण जमिनीत राहिलेल्या नाण्याचं मूळ अंग पुष्कळदा त्या थरातच टिकलेलं असतं. थर घट्ट आणि गुळगुळीत असेल तर तो नाण्याचं रक्षण करतो आणि अक्षरांची धार धरून ठेवतो. चिंच, लिंबू, तेजाब यांतलं आम्ल तो थर विरघळवतं आणि खालचं खडबडीत, खाल्लेलं तांबं उघडं पडतं. मग ते उघडं तांबं पुन्हा भराभर डागाळतं, या वेळी ठिकठिकाणी. म्हणजे दर दिवाळीला पुन्हा चिंच, आणि दर वेळी अक्षरं थोडी आणखी पुसट.

म्हणून घरात जुनं नाणं असेल तर हे करा. ते कडेने धरा, अक्षरांवर बोटं फिरवू नका. माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवा, माती आपोआप सुटू द्या, मग सुती कापडाने टिपून घ्या, चोळू नका. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका. त्यातून सुटणाऱ्या द्रव्याने नाण्यावर हिरवट चिकट थर चढतो. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा. एक गोष्ट मात्र दुर्लक्ष करण्यासारखी नाही: नाण्यावर फिकट हिरवी, भुकटीसारखी, बोटाने पडणारी पूड दिसली, तर तो क्लोराइडचा रोग आहे. तो तांबं आतून पोखरत जातो. ते नाणं वेगळं काढा आणि जाणकाराला दाखवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जुन्या वस्तूंच्या जतनाचं केंद्र आहे. असं काम तिथल्यासारख्या प्रशिक्षित हातांनी करायचं असतं, स्वयंपाकघरात नाही.

आणि नाण्यासोबत एक चिठ्ठी ठेवा. कोणाकडून आलं, कुठल्या गावचं घर, कधी मिळालं, वजन किती. आजीच्या माहेरच्या देव्हाऱ्यातली शिवराई असेल तर त्या गावाचं नाव लिहा. अभ्यासकाच्या दृष्टीने त्या एका ओळीने नाण्याचं मोल वाढतं, आणि आजी गेल्यावर ती ओळ कोणीच लिहू शकत नाही.

देखणेपणामागे धावण्याचा दुसरा धोका नकली नाण्यांचा. अख्खा लेख, अख्खं वर्तुळ, एकही चीर नाही आणि किंमत परवडणारी, अशी शिवराई समोर आली की आधी वजन करा. ओतीव नक्कल असेल तर कडेला साच्याचा जोड दिसतो, भिंगाखाली हवेचे बारीक बुडबुडे दिसतात, अक्षरांच्या कडा धारदार नसून वितळल्यासारख्या असतात. दोन वेगवेगळ्या नाण्यांवर एकाच जागी एकच खड्डा असेल तर दोन्ही एकाच साच्यातून आली आहेत. घणाचा घाव दोनदा सारखा पडत नाही. महाराजांच्या नावावरच्या श्रद्धेचा बाजार मांडून अशा नकला विकल्या जातात, याची मला चीड आहे. जुन्या नाण्याला लाखो रुपये मिळतील म्हणून आधी 'शुल्क' भरा, असे फोन येतात त्यांच्याबद्दल तर रिझर्व्ह बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना सावध केलं होतं. बँकेचं नाव वापरून हा उद्योग चालतो, आणि बँक असले व्यवहार करत नाही. ज्याला नाण्याकडे बघायचं कसं हे माहीत नाही आणि आकडा तेवढा माहीत आहे, तो अशा जाळ्यात आधी सापडतो.

राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झेंडन इंग्रजांतर्फे रायगडावर तह करायला आला होता. इंग्रजांच्या मागण्यांत एक होती: मुंबईत पाडलेली आपली नाणी महाराजांच्या राज्यात चालावीत. महाराजांकडून मिळालेल्या उत्तराचा आशय इंग्रजांच्या कागदांत नोंदला गेला आहे. असं कलमच नको. मी कुठलंही नाणं चालायला मनाई करत नाही, पण ज्यात रयतेचा तोटा होईल ते नाणं घ्यायची सक्तीही तिच्यावर करणार नाही. तुमचं नाणं मोगलांच्या आणि इतर राजांच्या नाण्याइतकं शुद्ध आणि वजनदार असेल, तर ते चालेल.

ज्यांच्या नावाची शिवराई आपण देव्हाऱ्यात पुजतो, त्यांनी नाण्याची पारख अशी केली होती: धातू खरा हवा, वजन पुरं हवं, आणि घेणाऱ्याची फसवणूक होता कामा नये. छाप कोणाचा आणि किती झळाळतो, हे त्यांनी मोजलं नाही. आजच्या संग्राहकाला मी हीच पारख सुचवतो, एका वाढीव अटीसह: नाणं कुठून आलं ते सांगता यायला हवं. या कसोटीला उतरलं ते नाणं उत्तम. मग त्याची 'श्री' कडेबाहेर गेलेली असो, अंगावर सराफांच्या खुणा असोत, की तीनशे वर्षांच्या हातांनी अक्षरं गुळगुळीत झालेली असोत.

संग्राहकांनी उद्यापासून एवढं ठरवलं, की आम्लात बुडवलेलं नाणं कितीही चकचकीत असलं तरी घ्यायचं नाही आणि गाव विचारल्याशिवाय पैसे मोजायचे नाहीत, तर वर्षभरात विक्रेते नाणी बुडवणं थांबवतील, कारण बाजार ग्राहकाच्या मागे चालतो. घरच्यांनी तर आणखी सोपं काम करायचं आहे. यंदा भांडी घासायला काढाल तेव्हा शिवराई परातीबाहेर ठेवा. पूजेला ती आहे त्या रंगात, काळी-तपकिरी, मांडा. लक्ष्मीला ती तशीच चालेल, आणि तुमच्या नातवंडांच्या हातात खरी शिवराई जाईल.